आयक्यू चाचणीचा आकडा किती खरा? बेळगाव सीमाभागातल्या पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी बेळगावात मुलांच्या बुद्धिमापनाच्या चाचण्या घेते. खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी, अथणी, कधी पलीकडच्या चंदगडहूनही आईबाप मुलांना घेऊन येतात. फायलीतले कागद वेगळे असतात, प्रश्न मात्र तेच. "किती आला ओ आकडा, मॅडम?" इथून सुरुवात होते आणि "मग आता काय करायचं?" इथं गाडी थांबते. मधले प्रश्न फार कमी जण विचारतात, आणि खरं काम त्या मधल्या प्रश्नांतच असतं. म्हणून हे लिहून काढलं.

आधी एक सांगते. खऱ्या चाचणीतले प्रश्न इथं मिळणार नाहीत. प्रश्न फुटले की चाचणी मेली. खालची सगळी उदाहरणं मी रचलेली आहेत.

आयक्यू म्हणजे नक्की काय मोजतात?

आपलं मूल त्याच्याच वयाच्या इतर मुलांच्या तुलनेत ठराविक कामं कशी करतं, एवढंच. शब्दांचे अर्थ, दोन गोष्टींतलं साम्य, तोंडी हिशेब, ऐकलेले अंक परत म्हणणं, ठोकळ्यांनी नक्षी जुळवणं, चित्रात काय राहिलंय ते ओळखणं, अशी ही कामं. हल्लीच्या चाचण्यांत सरासरी 100 धरतात आणि प्रमाण विचलन 15. म्हणजे साधारण 68 टक्के मुलं 85 ते 115 च्या मध्ये येतात आणि 70 च्या खाली दोन टक्क्यांच्या आसपास. हा आकडा थर्मामीटरसारखा अंगातून निघत नाही, रांगेतली जागा सांगतो. रांग कुणाची, हे मात्र विचारायलाच हवं.

या सगळ्याची सुरुवात 1905 साली पॅरिसमध्ये झाली. आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमों यांनी शाळेत मागं पडणारी, मदतीची गरज असलेली मुलं शोधायला पहिली चाचणी केली. बुद्धी एकदा ठरली की ठरली, हे बिनेला मान्य नव्हतं. तो 1911 मध्ये गेला, आणि पुढच्या लोकांनी त्याच्या चाचणीचा शिक्का करून टाकला.

विश्वसनीयता आणि सप्रमाणता हे एकच का?

नाही, आणि गोंधळ इथंच होतो. विश्वसनीयता म्हणजे पुन्हा मोजलं तर जवळपास तेच येतं का. सप्रमाणता म्हणजे जे मोजतोय असं म्हणतो, तेच मोजतोय का.

आपल्याकडं शाळांमधून, सोसायट्यांमधून बोटांचे ठसे घेऊन "मुलाची जन्मजात बुद्धी" सांगणारे फिरतात. काही हजार रुपये घेतात, रंगीत पुस्तिका देतात. आता बघा, बोटांचे ठसे जन्मभर बदलत नाहीत. आज घ्या, दहा वर्षांनी घ्या, तेच येणार. विश्वसनीयता म्हणाल तर शंभर नंबरी. पण ठशांवरून बुद्धी कळते याला शास्त्रीय पुरावा नाही, म्हणजे सप्रमाणता शून्य. पुन्हा पुन्हा तेच उत्तर मिळालं म्हणून ते बरोबर ठरत नाही. उलटं मात्र लागू पडतं. ज्या चाचणीचा आकडा दर खेपेला उड्या मारतो, ती सप्रमाण असूच शकत नाही.

विश्वसनीयता तीन-चार प्रकारांनी तपासतात. त्याच मुलांना काही काळानं तीच चाचणी परत देतात, चाचणीचे दोन भाग करून ते जुळतात का बघतात, आणि तीच उत्तरं दोन परीक्षकांना तपासायला देतात. शेवटचं महत्त्वाचं आहे, कारण उत्तरांना गुण देताना माणूस लागतो. समजा मी विचारलं, "विळा आणि कात्री यांच्यात सारखं काय?" एक मूल म्हणतं, "दोन्ही घरात असतात." दुसरं म्हणतं, "दोन्हीनं कापतात." तिसरं म्हणतं, "दोन्ही हत्यारं." नियमपुस्तिकेत यांना शून्य, एक, दोन असे गुण ठरलेले असतात. पण चौथं मूल म्हणतं, "विळ्याला पण कत्तरीसारखं पातं असतंय." कत्तरी म्हणजे कन्नडमधली कात्री. याला एक द्यायचा की दोन? ज्या परीक्षकाला कत्तरी कळलीच नाही, तो काय देईल?

आकडा 84 आला. म्हणजे बरोबर 84 च का?

नाही. चांगल्या चाचणीतही चूक धरूनच चालतात. एकूण गुणांकाची विश्वसनीयता 0.91 असेल तर मापनातली प्रमाण त्रुटी साडेचार येते, आणि पल्ला दोन्हीकडं तिच्या साधारण दुप्पट धरतात. म्हणजे 84 चा अर्थ, मुलाची जागा बहुधा 75 ते 93 च्या मध्ये कुठंतरी, आणि हेही शंभरातल्या 95 वेळांच्या खात्रीनं. उपचाचण्यांची विश्वसनीयता एकूण गुणांकापेक्षा कमीच असते, त्यामुळं "ठोकळ्यांत नऊ आणि चित्रांत सात, म्हणजे चित्रांत कच्चा" असा निकाल लावू नये.

अहवालात नुसता आकडा असेल आणि हा पल्ला नसेल, तर तो लिहून मागा. लाजू नका. किराणा दुकानात काटा बघता की.

ही चाचणी आपल्याकडच्या मुलांवर तयार झाली आहे का?

हा प्रश्न मला आवडतो, कारण त्याचं उत्तर आपल्या भागाशी जोडलेलं आहे. बेळगाव, धारवाड हे जिल्हे मुंबई इलाख्यात होते त्या काळात डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी बिनेची चाचणी कन्नड आणि मराठी बोलणाऱ्या मुलांसाठी नव्यानं बसवली. 1934 मध्ये त्यांचा लेख इंग्लंडच्या शैक्षणिक मानसशास्त्राच्या नियतकालिकात आला, 1940 मध्ये पुस्तक आलं. ती बिने-कामत चाचणी आजही अनेक ठिकाणी वापरली जाते. दोन भाषांचा विचार एकाच चाचणीत, एकाच माणसानं, नव्वद वर्षांपूर्वी केला होता! सीमाप्रश्नाचा जन्मही तेव्हा झाला नव्हता.

पण नव्वद वर्षं म्हणजे नव्वद वर्षं. प्रमाणकं, म्हणजे ज्या मुलांशी तुलना करायची त्यांचे आकडे, शिळी होतात. जेम्स फ्लिन यांनी 1980 च्या दशकात अनेक देशांतले आकडे मांडून दाखवलं की दर पिढीला मुलांचे गुण चढत जातात, दशकाला साधारण तीन. त्यामुळं जुन्या प्रमाणकांवर आजचं मूल उगाच हुशार दिसू शकतं. आणि त्याच वेळी, जुन्या काळातल्या वस्तूंवरचा प्रश्न आला तर तेच मूल उगाच मागंही पडतं. दोन चुका एकमेकींना फिटतील अशा भरवशावर मी तरी बसत नाही.

दुसरी मालिन यांची. नागपूरचे डॉ. आर्थर मालिन यांनी 1949 ची वेक्स्लर यांची मुलांची चाचणी भारतीय मुलांसाठी बसवली, 1969 मध्ये. सहा वर्षांपासून पंधरा वर्षं अकरा महिन्यांपर्यंतच्या मुलांना चालते, आणि मराठीतही आहे. शब्दांवर आधारित आणि कृतीवर आधारित, असे दोन भाग. पण मराठी म्हणजे कुठली मराठी? नागपूरच्या मुलाच्या कानाला जी रोजची वाटते ती खानापूरच्या मुलाला पुस्तकी वाटते. नव्या चाचण्याही आहेत, वेक्स्लरच्या पुढच्या आवृत्तीचं भारतीय रूप मिळतं, पण ती इंग्रजीकडं झुकलेली आणि महाग.

घरी मराठी, शाळेत कन्नड किंवा इंग्रजी. चाचणी कुठल्या भाषेत घ्यायची?

सीमाभागात चाचणीच्या सप्रमाणतेला सगळ्यात मोठा धोका इथं आहे, आणि यावर माझी स्वतःची एक चूक सांगते.

सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. खानापूर तालुक्यातला नऊ वर्षांचा मुलगा. घरी मराठी, शाळा कन्नड माध्यमाची. मी मराठी पुस्तिका उघडली आणि नियमाप्रमाणं निघाले. तोंडी हिशेबात एकोणचाळीसचा आकडा आला. मुलगा भिंतीकडं बघत राहिला, ओठ हलले. मग हळूच म्हणाला, "म्हणजे चाळीस आणि नऊ?" मी नियमाप्रमाणं प्रश्न एकदा परत म्हटला. त्यानं एकोणपन्नास धरून उत्तर काढलं, आणि काढलेला हिशेब अगदी बरोबर होता. गुण शून्य.

कन्नडमध्ये एकोणचाळीसला मूवत्तोंबत्तु म्हणतात, तीस-नऊ. आधी दशक, मग एकक, ऐकलं तसं लिहायचं. मराठीत एकवीस म्हणताना एक आधी, वीस मागून, आणि एकोणचाळीसमध्ये तर चाळीसातून एक उणा करायचा. शाळेत सगळं गणित कन्नडमध्ये केलेल्या पोराला मी मराठी संख्यावाचनाची परीक्षा घातली होती आणि अहवालात तिला बुद्धी म्हटलं होतं. एकूण आकडा 71 आला. बाहेर बाकावर बसलेली त्याची आजी निघताना म्हणाली, "बाई, त्यो तर दुकानात सुट्टं पैसं मोजून देतोय की." मी हसून मान हलवली. तेवढ्यावर शाळेनं त्याच्या नावापुढं काय लिहायचं ते लिहून टाकलं.

वर्षभरानं कन्नड येणाऱ्या सहकाऱ्यासोबत परत चाचणी घेतली. 88. यातले थोडे गुण दुसऱ्या खेपेच्या सरावाचे असतील, ते मी नाकारत नाही. पण सतरा गुण सरावानं येत नाहीत.

तेव्हापासून मी चाचणीआधी दोन प्रश्न विचारते. भांडताना कुठल्या भाषेत बोलतो? पाढे कुठल्या भाषेत म्हणतो? आपल्याकडं बहुतेक वेळा दोन वेगळी उत्तरं येतात. शब्दांचा भाग पहिल्या भाषेत, हिशेबाचा दुसऱ्या भाषेत, असं करावंसं वाटतं. पण पुस्तिकेबाहेर गेलं की प्रमाणकं तंतोतंत लागू होत नाहीत, हेही खरं. म्हणून मधला मार्ग असा आहे. आधी नियमाप्रमाणं एका भाषेत पूर्ण चाचणी, त्याचे गुण वेगळे. मग चुकलेले प्रश्न दुसऱ्या भाषेत. त्याचे गुण आकड्यात मिळवायचे नाहीत, पण अहवालात लिहायचे: कन्नडमध्ये विचारल्यावर पाच प्रश्न जास्त आले. कधी कधी त्या एका ओळीनं आकड्यापेक्षा जास्त कळतं.

अंक लक्षात ठेवण्याच्या भागातही भाषा शिरते. एक, दोन, तीन, चार, पाच. ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु, ऐदु. मराठी अंक बहुतेक एका दमात संपतात, कन्नड अंक दोन अक्षरांचे, नऊ तर ओंबत्तु. 1980 मध्ये वेल्श आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषा येणाऱ्यांवर झालेल्या अभ्यासात दिसलं होतं की वेल्श अंक म्हणायला जास्त वेळ लागतो, म्हणून वेल्शमध्ये कमी अंक लक्षात राहतात. स्मरणशक्ती तीच, जिभेला लागणारा वेळ वेगळा. एका भाषेच्या प्रमाणकांवर दुसऱ्या भाषेत अंक म्हणून दाखवायला लावणं म्हणूनच बरं नव्हे.

हा त्रास आपल्यालाच आहे असं नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियात 1970 मध्ये डायना या नावानं एक खटला गाजला. घरी स्पॅनिश बोलणाऱ्या नऊ मुलांची चाचणी इंग्रजीत घेऊन त्यांना मंदबुद्धींच्या वर्गात घातलं होतं. दोन्ही भाषा येणाऱ्या परीक्षकानं परत चाचणी घेतल्यावर बहुतेकांचे गुण चांगलेच वाढले. खटला तडजोडीनं मिटला आणि मुलांची चाचणी त्यांच्या घरच्या भाषेतही घेण्याचं बंधन आलं. आपल्याकडं मराठी, कन्नड, उर्दू, कोकणी चारही एका गल्लीत नांदतात, आणि आपण अजून जी पुस्तिका हाताशी असेल तीच उघडतो.

मग शब्दांशिवायच्या चाचण्याच का घेऊ नयेत?

घेतो, आणि घ्याव्यातही. रेव्हन यांची आकृत्यांची चाचणी 1938 पासून आहे, त्यात शब्द लागतच नाहीत. चंद्रमोहन भाटिया यांची 1955 ची कृतिचाचणी-माला अकरा ते सोळा वयाच्या मुलांसाठी आहे, ठोकळे, नक्षी, चित्र जुळवणं असले पाच भाग. भाषेचा अडसर असेल तिथं या चांगल्या.

पण भाषा काढली म्हणजे सगळं समान झालं, हा भ्रम आहे. निपाणीकडची एक मुलगी होती, आई विड्या वळणारी. मी लाल-पांढरे ठोकळे तिच्यापुढं ठेवले आणि घड्याळ चालू केलं. ती ठोकळ्यांकडं बघत बसली. मग विचारलं, "हातात घेऊ काय?" घेतल्यावर तिनं प्रत्येक ठोकळा उलटसुलट फिरवून सहा बाजू मोजल्या, पदराच्या टोकासारखा फ्रॉकचा कोपरा हातात धरून एक ठोकळा पुसलाही. नक्षी जुळवायला लागली तेव्हा निम्मी वेळ गेली होती, आणि जुळवली मात्र एकदाही न चुकता. वेगाला गुण असतात. बेळगाव शहरातल्या टिळकवाडीतल्या मुलानं चार वर्षांचा असल्यापासून घरात कोडी जुळवलेली असतात, तो ठोकळे पुसत बसत नाही.

शिवाय शाळेतलं यश शब्दांवर जास्त चालतं. नुसत्या आकृत्यांवरून पुढच्या अभ्यासाचा अंदाज बांधणं कठीण.

शाळेतल्या मार्कांशी आयक्यू किती जुळतो?

साधारण 0.5 चा सहसंबंध दिसतो, म्हणजे दोन गोष्टी किती जुळून चालतात याचं माप, पूर्ण जुळल्या तर 1. ऐकायला मोठा वाटतो, पण वर्ग केला की मार्कांतल्या फरकाचा पावच भाग आयक्यूनं समजतो. बाकीचा पाऊण भाग घर, शाळा, झोप, चिकाटी, शिक्षक, आणि आमच्याकडं, एसटी वेळेवर येते की नाही. मानसिक चाचण्यांच्या जगात 0.5 हा चांगलाच आकडा आहे, म्हणून या चाचण्या टिकून आहेत. त्यावरून एखाद्या मुलाचं भविष्य सांगणं हे ज्योतिष.

शाळेत नाव घालताना 1 जून लिहिलं होतं. त्यानं काय बिघडतं?

फार बिघडतं, आणि हे कुणी सांगत नाही. गावाकडं कित्येकांचा वाढदिवस 1 जूनला असतो, कारण गुरुजींनी तसं लिहून घेतलं. बुद्धिमापनात वय महिन्यांत मोजतात. बिनेच्या चाचणीवर पुढं आलेल्या जुन्या पद्धतीत मानसिक वयाला, म्हणजे मूल ज्या वयाच्या मुलांइतकं करतं त्या वयाला, खऱ्या वयानं भागून शंभरनं गुणतात. मुलाचं मानसिक वय सहा वर्षं निघालं आणि दाखल्यावर वय सात वर्षं आहे, तर आकडा 86. पण पोर खरं तर सहा वर्षं चार महिन्यांचं असेल, तर 95. नऊ गुण नुसत्या तारखेत गेले. आठवा, साडेचारची त्रुटी आपण मोठी म्हणत होतो. दवाखान्याचा कागद, अंगणवाडीची वही, लसीकरणाचं कार्ड, काहीही घेऊन या. नसेल तर सण सांगा, "गणपती बसले त्याच्या दुसऱ्या दिवशी" एवढंही चालतं. आम्ही पंचांग बघतो.

कुठल्या वयापासून आकड्यावर भरवसा ठेवावा?

तीन-चार वर्षांच्या मुलाचा आकडा पुढं बराच हलतो. सहा-सातनंतर स्थिरावत जातो. किती स्थिरावतो याचं एक विलक्षण उदाहरण स्कॉटलंडचं. 1 जून 1932 रोजी (होय, तिथंही 1 जून!) तिथल्या 1921 साली जन्मलेल्या जवळपास सगळ्या मुलांची एकाच दिवशी चाचणी घेतली, 87,498 मुलं. त्यातल्या 101 जणांना 1998 मध्ये, सत्त्याहत्तराव्या वर्षी, तीच चाचणी परत दिली. सहसंबंध 0.63 आला. सहासष्ट वर्षांनी! पण 0.63 म्हणजे पूर्ण 1 नव्हे. रांगेतल्या कित्येकांच्या जागा बदललेल्या होत्या, आणि आपलं मूल त्यांतलं आहे की नाही हे अकराव्या वर्षी कुणालाही सांगता येत नाही.

दहावी-बारावीच्या मुलांत वेगळं काय बघायचं?

पहिली अडचण वयाची. मालिन यांची चाचणी सोळाव्याच्या आत संपते. पंधरा वर्षं दहा महिन्यांच्या मुलावर मुलांची चाचणी घ्यायची की दोन महिने थांबून मोठ्यांची, हा निवाडा करावा लागतो. त्या टोकाला चाचणी हुशार मुलाला पुरत नाही, वरचे प्रश्नच संपतात.

दुसरी, मर्जी. सहा वर्षांचं पोर मला खूश करायला धडपडतं. सोळा वर्षांच्याला वडिलांनी जबरदस्तीनं आणलेलं असतं, तो खुर्चीत आडवा होऊन प्रत्येक प्रश्नाला "म्हाईत न्हाई" म्हणतो. तो आकडा बुद्धीचा नसतो, वडिलांवरच्या रागाचा असतो. अशा वेळी मी चाचणी बंद करते, चहा मागवते आणि दुसरी तारीख देते. काही पालकांना वाटतं फी वाया गेली. खोटा आकडा घरी नेण्यापेक्षा हे स्वस्त पडतं.

उदासी, रात्रभर मोबाईल, पीयूसीच्या, म्हणजे अकरावी-बारावीच्या, परीक्षेचा ताण, यांनी लक्ष आणि वेग हे दोन भाग आधी घसरतात. अहवालात हे दोनच खाली आणि बाकीचे बरे दिसले तर बुद्धीबद्दल बोलण्याआधी झोपेबद्दल बोला.

दोन ठिकाणी दोन आकडे आले. कुठला खरा?

आधी बघा, चाचणी एकच होती का, भाषा एकच होती का, मधे किती दिवस गेले. तीच चाचणी थोड्या दिवसांत परत दिली की सरावानं गुण वाढतात, म्हणून साधारण वर्षभर ती परत देत नाहीत. 82 आणि 87 यांत भांडण नाहीच, दोन्ही एकमेकांच्या पल्ल्यात बसतात. 72 आणि 95 आले असतील तर एका चाचणीत काहीतरी चुकलंय. बहुधा भाषा, नाहीतर कान.

कानावरून आठवलं. चाचणीआधी ऐकू येण्याची आणि डोळ्यांची तपासणी करून घ्या. कान वाहणारी मुलं आपल्याकडं कमी नाहीत, आणि अर्धा प्रश्न ऐकलेल्या मुलाला अर्धेच गुण मिळतात.

घरी तयारी करून घेऊ का?

नको. पोटभर जेवण, पुरती झोप, चष्मा असेल तर चष्मा.

70 च्या खाली आला म्हणजे मतिमंद का?

फक्त आकड्यावर नाही. मूल रोजच्या जगण्यात काय करू शकतं, हे तेवढंच बघावं लागतं: स्वतः जेवतं का, दुकानातून सांगितलेलं आणतं का, ओळखीच्या रस्त्यानं एकटं येतं का. यासाठी सामाजिक प्रौढतेची वेगळी मोजणी आहे, तीही भारतात मालिन यांनीच बसवली. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेच्या निदान-पुस्तिकेतही 2013 पासून 65 ते 75 हा पट्टा विचाराचा धरतात आणि रोजच्या वागण्याला जास्त वजन देतात. आजी म्हणते तो दुकानात सुट्टे मोजून देतो, तर तिचं ते वाक्य हा पुरावा असतो. तेव्हा मी तो लिहून घेतला नाही, आता घेते.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकारची अपंगत्वं आहेत, बौद्धिक अपंगत्व त्यातलं एक. प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं ओळखपत्र, सरकारी वैद्यकीय यंत्रणेतूनच मिळतं, खासगी अहवालावर मिळत नाही. आणि प्रमाणपत्र घ्यायला लाजणारे पालक मी रोज बघते. ते कागद हक्कासाठी आहेत, गावाला दाखवायला नव्हेत.

बुद्धी चांगली, पण वाचताना अक्षरं गाळतो. मग?

तेव्हा अध्ययन अक्षमतेची वेगळी तपासणी लागते, त्यासाठी बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेची चाचणी-माला वापरतात. आयक्यूची गरज इथं एवढ्यासाठी की वाचनातली अडचण एकूण बुद्धीमुळं नाही हे कळावं. 2018 च्या केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांत हे प्रमाणपत्र आठ वर्षांनंतरच, आणि मग चौदाव्या व अठराव्या वर्षी परत तपासणी, असं होतं; आता काय आहे ते विचारून घ्या. एसएसएलसीला, म्हणजे दहावीला, जादा वेळ किंवा लेखनिक हवा असेल तर शाळेतून अर्जाची मुदत नववीतच विचारून ठेवा, दहावीच्या जानेवारीत धावपळ नको.

इथंही भाषेचा घोळ आहेच. दुसरीत आलेलं मराठी घरचं पोर कन्नड वाचताना अडखळतं ते अक्षमतेमुळं की कन्नड नवं आहे म्हणून? दोन्ही भाषांत वाचून घेतल्याशिवाय सांगता येत नाही. मराठीत सरळ वाचत असेल तर मी निदान लिहीत नाही.

शाळा म्हणते, चाचणी करून आणा, नाहीतर प्रवेश नाही.

शिक्षण हक्क कायदा 2009, कलम 13. प्रवेशासाठी मुलाची चाळणी लावता येत नाही, लावली तर पहिल्या खेपेला पंचवीस हजार आणि पुढच्या प्रत्येक खेपेला पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड आहे. हे शांतपणे, लेखी विचारा. "लेखी द्या" म्हटल्यावर बऱ्याच शाळांचा आवाज खाली येतो.

कुणाकडं जायचं?

भारतीय पुनर्वास परिषदेकडं नोंदणी असलेला चिकित्सा मानसशास्त्रज्ञ हवा. नोंदणी क्रमांक मागा, खरा माणूस रागवत नाही. सरकारी मार्ग बेळगावच्या जिल्हा रुग्णालयातून आणि धारवाडच्या डिमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेतून आहे. लांबच्या तालुक्यातून येणार असाल तर आदल्या दिवशी पोहोचा. पहाटे चारला उठवून वडापच्या जीपनं आणलेल्या मुलाची दहाला चाचणी घेणं म्हणजे प्रवासाची चाचणी.

अहवाल हातात आला की पाच गोष्टी शोधा: चाचणीचं नाव, भाषा, आकड्याचा पल्ला, मूल त्या दिवशी कसं वागलं याच्या ओळी, आणि पुढं काय करायचं. एका पानावर नुसता आकडा आणि शिक्का असेल तर परत जा.

आकडा मुलाला सांगायचा का?

लहान मुलाला नाही. काय जमतं आणि कशात मदत लागेल, ते सांगा. मोठ्या मुलांना पल्ला सांगते, आकडा नाही. खानापूरचा तो मुलगा दुसऱ्या चाचणीनंतर दारात थांबून म्हणाला, "मॅडम, पास झालो का?" मी म्हटलं, यात पास-नापास नसतं. तो म्हणाला, "मग कशाला घेतलासा?"

त्याच्या वडिलांनी त्याला दटावलं. मी त्याला म्हटलं, मागच्या खेपेला माझंच चुकलं होतं, ते तपासायला. तो जरा विचारात पडला, मग वडिलांकडं वळून कन्नडमध्ये काहीतरी बोलला. वडील हसले. मी विचारलं काय म्हणाला, तर म्हणाले, "काय नाही ओ. म्हणतोय, मग मॅडम पास झाल्या काय."